दिओनिसियाच्या अंगठ्याचा कीबोर्ड

एलिहिओ सार्सा आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवत आला. पिरायू गावच्या टेलिफोन कचेरीत तो तारा जोडायचा. वादळाने खांब कलला की शिडी खांद्यावर टाकून लाल मातीच्या रस्त्याने एकटाच निघायचा. कचेरीत संगणक आले तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली. याने मात्र त्यांच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं घरी नेली आणि जेवणाच्या टेबलावर पानामागून पान वाचून काढली. स्वतः बोलायचा फार कमी. शेजारच्या न्या प्लासिदाचं, म्हणजे प्लासिदाबाईंचं, त्यावर मत ठरलेलं होतं. ती म्हणायची, "सगळ्या गावाची बडबड याच्या तारांतून जाते, मग याच्या वाट्याला काय उरणार?"

घरात बोलण्याचं काम त्याच्या बायकोकडे होतं. न्या दिओनिसिया ओवेलार गावच्या शाळेत ग्वारानी, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची भाषा, शिकवायची. तिच्या लहानपणी त्याच शाळेत ग्वारानी बोलल्याबद्दल मुलांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकवून बसवत. ती शिक्षा तिने भोगली होती, आणि बहुधा म्हणूनच त्या भाषेच्या लिहिण्याबाबत ती कुणाला सूट देत नसे. ग्वारानीत एक नाकातला ग आहे, त्याच्या डोक्यावर नागमोडी रेघ असते. आणि एक छोटी खूण आहे, पुसो म्हणतात तिला. शब्दाच्या मध्येच घसा क्षणभर बंद होतो, तो ती खूण दाखवते. घाईत माणसं या दोन्ही गोष्टी गाळतात. दिओनिसिया वही परत भिरकावायची. "पुसो नसलेला शब्द म्हणजे दात पडलेला म्हातारा," ती म्हणायची. "तोंड हलतं, कळत काही नाही."

आजाराची सुरुवात खडूपासून झाली. फळ्यावर लिहिताना खडू हातातून गळायला लागला. मग जीभ जड झाली, मग पाय. राजधानी असुन्सिओनच्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचेनासा होईल, एकेक करून सगळे स्नायू थांबतील, पण डोकं शेवटपर्यंत लख्ख राहील. एलिहिओला हे चटकन समजलं. तारा तुटत जाणार होत्या आणि कचेरी शाबूत राहणार होती. घरी येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. दिओनिसियाला तेव्हा अडखळत का होईना बोलता येत होतं. ती म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. काहीतरी कर. तुला येतं."

त्याने कीबोर्ड केला. बाजारात पडद्यावरचे कीबोर्ड होते, पण त्यांत तिचा ग नव्हता आणि पुसोच्या जागी भलतंच चिन्ह होतं. एलिहिओने आपला प्रोग्राम मुळापासून लिहिला. पडद्याच्या खालच्या भागात अक्षरांच्या ओळी; एकेक ओळ आपोआप उजळत जायची. हवी ती ओळ उजळली की दिओनिसियाने बटण दाबायचं, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळायची, पुन्हा दाबायचं. एवढ्यात एक अक्षर उमटलं. बटण म्हणजे जुन्या टेलिफोन कचेरीच्या दाराची घंटी होती. तिच्या तारा त्याने एका मोडक्या कीबोर्डात शब्दांमधली जागा सोडायच्या बटणाला जोडल्या होत्या. घंटी उजव्या अंगठ्याखाली बसवली, कारण तोवर पापण्यांखेरीज तेवढा एक अंगठाच तिच्या हुकुमात उरला होता.

सगळं जुळल्यावर तिने पहिलं वाक्य लिहिलं, तेव्हा एलिहिओ श्वास रोखून मागे उभा होता. वाक्य असं होतं: "तुझा स्वल्पविराम चुकीच्या ओळीत आहे."

न्या प्लासिदा चिपाची, म्हणजे चीजच्या पावांची, टोपली घेऊन आली होती. ती टोपलीसकट हसली. "घ्या! हिला पृथ्वीवरून हलवली तरी ही वरून वह्या तपासत बसेल."

एलिहिओने स्वल्पविरामाची ओळ बदलली. त्यानंतरची काही वर्षं त्या घरात पुन्हा बोलणं सुरू राहिलं. संथ, पण तिचं स्वतःचं. भाजीत मीठ जास्त झालं, मंडईतली रताळी कडू निघाली, धाकट्या पाद्रीबाबांच्या प्रवचनात क्रियापद चुकलं, हे सारं ती अंगठ्याने सांगायची.

मग एका फेब्रुवारीत दुपारीच अंधारून आलं आणि वीज कोसळली. समोरच्या लापाचोच्या झाडाची फांदी रस्त्यावर पडली, आणि घरातला संगणक जळाला. वास कितीतरी वेळ खोलीत राहिला.

त्याच आठवड्यात असुन्सिओनला जायची वेळ ठरलेली होती. दिओनिसियाचा श्वास उथळ झाला होता. मुलगी मारीसेल नदीपलीकडच्या पोसादासहून आली. तिथे ती वृद्धांच्या आश्रमात काम करायची, आजाऱ्याला उचलणं-फिरवणं तिला सवयीचं होतं. डॉक्टर सोलालिंदे शहरातच वाढलेले, भला माणूस, पण ग्वारानी जेमतेम. त्यांनी नीट समजावलं: घशाला छेद देऊन नळी बसवली आणि यंत्र जोडलं तर श्वास चालू राहील, नाही बसवली तर जून-जुलैचा हिवाळा निघणं कठीण. मग ते दिओनिसियाच्या खुर्चीसमोर वाकले आणि त्यांनी हळू, स्पॅनिशमध्ये विचारलं, "मग नळी नकोय का तुम्हाला, सेन्योरा?"

दिओनिसियाने पापण्या मिटल्या आणि उघडल्या. एकदा. म्हणजे हो.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं की रुग्णाला नळी हवी आहे.

बाहेरच्या बाकावर एलिहिओ म्हणाला, "त्यांनी उलटं लिहिलंय."

"उलटं कसं?" मारीसेल म्हणाली. "आईने हो म्हटलं."

"त्यांनी विचारलं, नकोय का? ती म्हणाली, हो. हो म्हणजे नको."

"पापा, शहरात कुणी असं विचारलं आणि आपण हो म्हटलं, तर त्याचा अर्थ हवंय असाच होतो."

"शहरात होत असेल. आपल्या घरात तुला भात नको का विचारलं आणि तू हो म्हणालीस, तर तुझं ताट उचलतात."

दोघांचंही खरं होतं. स्पॅनिशमधलं हो त्या प्रश्नाला उलटवतं आणि ग्वारानीतलं हो त्याच्याशी सहमत होतं. एका मिटलेल्या पापणीतून ती कोणत्या भाषेत बोलली, हे कुणाला कळणार?

घरी येऊन तिला पुन्हा विचारायला हवं होतं, आणि त्यांनी विचारलंही. मारीसेलने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली आणि एकेकावर बोट ठेवत चालली. पण आईच्या पापणीने दुसरं अक्षर निवडलं न निवडलं तोच ती म्हणायची, "नळी? नळीच ना आई? नळी हवी, असंच ना?" एलिहिओने प्रयत्न केला तर त्याचंही तेच, फक्त तो मनातल्या मनात वाक्य पुरं करायचा, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. दिओनिसियाने डोळे मिटून घेतले. त्यानंतर नळीचा विषय निघाला की ती पापणी हलवेनाशी झाली. पाणी हवं का, हो. कूस बदलू का, हो. आणि नळीबद्दल विचारलं की नजर सरळ त्या रिकाम्या टेबलावर, जिथे संगणक असायचा.

"तिला स्वतः सांगायचंय," एलिहिओ म्हणाला. नळी बसवायची तर महिन्याभरात बसवायला हवी होती.

मारीसेल पोसादासला जाऊन संगणक घेऊन आली. नवा होता आणि त्यावरची संगणक चालवणारी प्रणाली, लिनक्स, तीही नवी. एलिहिओने आपला कीबोर्ड त्यावर चढवला. ओळी उमटल्या, उजळू लागल्या. न्या प्लासिदाने टाळी वाजवली. एलिहिओने अंगठ्याखाली घंटी ठेवली आणि दिओनिसियाने दाबली. ओळी तिला न जुमानता उजळत पुढे गेल्या. तिने पुन्हा दाबली. पडद्याच्या वरच्या भागातल्या कोऱ्या कागदावर लुकलुकणारी रेघ तेवढी एकेक पाऊल उजवीकडे सरकत होती. तिचा अंगठा लिहीत होता, पण नुसत्या मोकळ्या जागा. ती दाबत राहिली, कागद कोरा राहून भरत गेला, आणि शेवटी एलिहिओनेच घंटी हळूच काढून घेतली.

नव्या लिनक्समध्ये पडदा सांभाळणारी व्यवस्थाच बदलली होती. वेलँड तिचं नाव. जुन्या व्यवस्थेत कुठल्याही प्रोग्रामला दुसऱ्याच्या नावाने बटण दाबल्याचं सोंग आणता यायचं, आणि वाटेत थांबून कुणाचंही बटण ऐकता यायचं. एलिहिओचा कीबोर्ड याच दोन गोष्टींवर उभा होता. तो घंटी ऐकायचा आणि मग अक्षराचं बटण दाबल्याचं सोंग करायचा. नव्या व्यवस्थेला दोन्ही नामंजूर. समोर जी खिडकी उघडी असेल तिलाच बटणाचा आवाज मिळणार. म्हणून घंटी थेट कागदावर जात होती. आणि दुसऱ्याच्या वतीने कुणीही बटण दाबायचं नाही.

एलिहिओ शांत माणूस, पण त्याने टेबलावर हात आपटला. "कुणाच्या डोक्यातून निघालं हे? माझ्या बायकोला बोटं नाहीत, मग तिच्या वतीने कुणी दाबायचं?"

त्याने थोडे दिवस जुन्या वाटेने जाऊन पाहिलं. जुन्या प्रोग्रामांसाठी नव्या व्यवस्थेत एक कोपरा ठेवलेला होता; कीबोर्ड त्या कोपऱ्यात चालायचा, पण त्याची अक्षरं कोपऱ्याबाहेर जायची नाहीत. शेवटी त्याने इंटरनेटवर ही कामं करणाऱ्यांच्या मंडळीत प्रश्न टाकला. उत्तर दिलं पोर्तु अलेग्रीच्या वान्देर्लेइ नावाच्या माणसाने. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. एक पोर्तुगीजमध्ये लिही, दुसरा स्पॅनिशमध्ये.

"दोस्ता," वान्देर्लेइने लिहिलं, "तुझा कीबोर्ड इतकी वर्षं मागच्या खिडकीतून घरात शिरत होता. भला आहे म्हणून कुणी पकडला नाही. आता पुढच्या दाराने ये. दारावरच्या माणसाला आपलं नाव सांग, तो तुला काम देईल."

हे दार म्हणजे काय ते एलिहिओने दिवसाउजेडी, आंगणात थंडगार तेरेरेचा पेला बाजूला ठेवून, समजून घेतलं. नव्या व्यवस्थेत लिहिणाऱ्यासाठी एक रीतसर जागा होती. त्या जागेवर जो प्रोग्राम उभा राही, त्याच्या हाती बाहेरून येणारं प्रत्येक बटण आधी पडे. आणि त्याला सोंग करावं लागत नसे. लिहिलेला मजकूरच तो कागदाला सोपवी. हे वाचताना एलिहिओ एका ओळीपाशी थांबला. जुन्या व्यवस्थेत दिओनिसियाचा ग एका बटणात मावत नव्हता. आधी ग, मग रेघ, अशी दोन सोंगं करावी लागत, आणि कधीकधी रेघ शेजारच्या अक्षरावर जाऊन बसे; दिओनिसिया ते खोडून पुन्हा लिहायची. मजकूर सोपवायचा म्हटला तर ग आपल्या रेघेसकटच आत जाणार होता. ज्याला तो शिव्या घालत होता, त्या नियमाबद्दल त्याचं मत त्या दुपारी बदललं. ते त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही.

त्याने प्रोग्रामचं अर्धं अंग नव्याने लिहिलं. पडद्याच्या खालच्या काठाला कीबोर्ड चिकटून राहावा, पण लिहायच्या खिडकीवरचं व्यवस्थेचं लक्ष त्याने स्वतःकडे ओढून घेऊ नये, यातच कित्येक सकाळी गेल्या. दिओनिसियाचा श्वास आता उशांवर टेकूनही पुरत नव्हता. मारीसेल तिची पाठ चोळायची आणि बापाकडे रागाने बघायची.

आणि सगळं झाल्यावर कीबोर्ड सुरूच होईना. उमटायचा आणि लगेच मावळायचा. व्यवस्था एकच उत्तर द्यायची, की जागा उपलब्ध नाही. एलिहिओने स्वतःचं लिखाण ओळीमागून ओळ तपासलं. चूक सापडेना. शेवटी वान्देर्लेइने विचारलं, "त्या दारावर एका वेळी एकच उभा राहू शकतो. तुझ्याआधीच तिथे कुणी उभं नाहीये ना?"

एलिहिओ संगणकात शोधू लागला आणि मग मान न वळवता म्हणाला, "मारीसेल, यावर आधीच एक कीबोर्ड कुणी चालू केलाय?"

"मी," मारीसेल म्हणाली. "आणला त्याच दिवशी. तयार मिळतो तो, स्पॅनिशचा. म्हटलं तुमचा नाहीच चालला तर निदान हा असेल."

"मला सांगायचं नाही?"

"मदत केली, पापा! तुम्ही कधीपासून डोकं घालून बसलाय, तिला श्वास घेता येत नाहीये, तुम्हाला दिसतंय का?"

"त्यात तिचा ग नाही. पुसो नाही."

"पुसोवाचून कुणी मरत नाही!"

दिओनिसिया तिथेच होती, खुर्चीत, उशांना टेकून. मारीसेलने तोंडावर हात ठेवला. एलिहिओने स्पॅनिश कीबोर्ड त्या जागेवरून उठवला आणि आपला उभा केला. ओळी उमटल्या. उमटून राहिल्या. त्याने घंटी तिच्या अंगठ्याखाली सरकवली.

ओळ उजळली. अंगठा दबला. ओळ थांबली.

या वेळी एलिहिओ मागे उभा राहिला नाही. तो खाटेच्या कडेवर बसला. अक्षरं एकामागून एक कागदावर उतरत गेली, पुसोसकट. पहिला शब्द पुरा झाला तेव्हा मारीसेल रडता रडता हसली.

"मरतात," असं लिहिलं होतं.

मग दिओनिसिया थोडी थांबली, श्वास गोळा केला आणि पुन्हा सुरू झाली. या वेळी कुणी पुढचा शब्द बोललं नाही. न्या प्लासिदा मंबेजूच्या धिरड्यांचं ताट घेऊन दारात आली होती, तीही तशीच उभी राहिली. ताट निवलं. कोंबड्या आंगणातून चुलीपाशी आल्या, तरी कुणी हाकललं नाही.

"डॉक्टरने स्पॅनिशमध्ये विचारलं," दिओनिसियाने लिहिलं. "मी स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. नळी हवी."

एलिहिओने ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्या दवाखान्यातल्या बाकावर बसल्यापासून त्याने मनात सगळी बांधाबांध करून ठेवली होती. कुठल्या कबरीशेजारी, कुठला पाद्री, तिचा तो निळा पोशाख, शाळेच्या वर्धापनदिनाचा. बायकोची भाषा आपल्याला कळते असं तो चाळीसेक वर्षं धरून चालला होता.

ती त्याच्याकडे बघत होती. पुन्हा ओळी उजळल्या. "तुला काय वाटलं?"

"मला वाटलं," तो म्हणाला, "मला वाटलं तू दमलीस."

"दमलेच आहे. दमणं वेगळं. जाणं वेगळं." आणि थोड्या वेळाने, "दमलायस तू."

"हो," एलिहिओ म्हणाला. हे हो कुठल्याही भाषेत एकच होतं.

तिने अजून लिहिलं, आणि ते लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. "अंगठा हलतो तोवर नळी. अंगठा थांबला की काढा. हे मी आज सांगते. तेव्हा माझ्या वतीने कुणी सांगायचं नाही."

"नाही आई," मारीसेल म्हणाली. "एवढं नाही. हे आत्ता कशाला? पहिलं आहे तेवढं पुरे." आणि तिचा हात माऊसकडे गेला. तिने शेवटच्या ओळी निवडल्या. त्या निळ्या झाल्या. एक बटण दाबलं की गेल्या असत्या.

एलिहिओने तिचं मनगट धरलं. जोर केला नाही. "हात काढ, बाळ."

"पापा, तुम्हाला हे चालेल?"

"मला नाही चालणार," तो म्हणाला. "पण वाक्य तिचं आहे."

मारीसेलने हात काढला. निळेपणा गेला, ओळी राहिल्या. दिओनिसियाचा अंगठा पुन्हा हलला आणि तिने खाली एकच गोष्ट जोडली: "डॉक्टरसाठी." ग्वारानीत या साठीची सुरुवातच त्या नाकातल्या गने होते. तो डोक्यावरच्या रेघेसकट, अचूक, एका झटक्यात कागदावर उतरला.

न्या प्लासिदाच्या भाच्याच्या गाडीतून ते असुन्सिओनला गेले. संगणक मारीसेलच्या मांडीवर, घंटी एलिहिओच्या खिशात. डॉक्टर सोलालिंदेंनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला आणि मारीसेलने खाली लिहिलेल्या भाषांतराकडे बघत सगळं वाचलं. शेवटच्या ओळींपाशी त्यांनी चष्मा काढला. "हे मला तुमच्याकडून पुन्हा विचारायला हवं, सेन्योरा," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी प्रश्न सरळ केला. नळी हवी आहे का? आणि पुढे जे लिहिलंय तेही तुम्हालाच हवं आहे का?

एलिहिओने घंटी तिच्या अंगठ्याखाली ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. ओळी उजळू लागल्या. काही अक्षरं उमटली, मग ती श्वासासाठी थांबली. बाहेर कुणीतरी डॉक्टरांचं नाव घेऊन हाक मारत होतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, पडद्यावरच्या अर्ध्या शब्दाकडे पाहिलं आणि लेखणी उचलली. "समजलं मला, म्हणजे तुम्हाला—"

"थांबा, डॉक्टर," एलिहिओ म्हणाला. "तिचं अजून संपलेलं नाही."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.